दोन अक्षरांचे मोल

अमेरिकेत शेतकऱ्यांची एक जुनी आणि मोठी संघटना आहे. 'अमेरिकन फार्म ब्यूरो फेडरेशन' हे तिचे नाव. १९१९ साली ती स्थापन झाली. शेतमालाचे भाव, पिकांचा विमा, शेतीसंबंधीचे कायदे अशा बाबतींत शेतकऱ्यांची बाजू मांडावयाची, हे तिचे काम. या संघटनेचे वार्षिक अधिवेशन जानेवारी २०११ मध्ये अटलांटा शहरी भरले. तेथे जमाखर्च सांगताना जमेच्या बाजूला एक निराळीच रक्कम निघाली. ती होती ८५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३८ कोटी रुपये. ही रक्कम आली कशाची? संघटनेने गहू विकला नव्हता, की जमीन विकली नव्हती. तिने आपल्याजवळची दोन इंग्रजी अक्षरे विकली होती, 'एफ' आणि 'बी'. फार्म ब्यूरोची ती आद्याक्षरे. आणि विकत घेणारी कंपनी होती फेसबुक. तिचीही आद्याक्षरे तीच.

श्रोतेहो, ही हकीकत ऐकली म्हणजे मनात दोन प्रश्न येतात. अक्षरे तर साऱ्या जगाची. मग ती कोणी विकतो कशी आणि कोणी घेतो कशी, हा पहिला. आणि दुसरा प्रश्न अगदी आपल्या खिशाशी येऊन भिडणारा आहे. अशी अक्षरे आपणही स्वस्तात घेऊन ठेवली, तर आपलेही भाग्य उजळेल काय? हल्ली मोबाइलवर अशी आमिषे येत असतात. "लहान नाव आज हजारात घ्या, पाच वर्षांनी लाखात विका. जमीन वाढत नाही, तशी अक्षरंही वाढत नाहीत!" सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेला शिक्षक किंवा जमिनीचा मोबदला मिळालेला तरुण हे ऐकतो आणि विचारात पडतो. म्हणून या विषयाची नीट फोड केली पाहिजे.

प्रथम हे नाव म्हणजे काय, ते पाहू. ज्यांनी तारांचे दिवस पाहिले आहेत, त्यांना आठवत असेल की व्यापारी पेढ्यांच्या छापील कागदावर टपालाच्या पत्त्याखाली 'तारेचा पत्ता' म्हणून एकच शब्द असे. तारेला शब्दागणिक पैसे पडत, आणि पत्त्याचे शब्दही त्यात मोजले जात. तेव्हा लांबलचक पत्त्याऐवजी एक लहानसा शब्द तार कचेरीत वर्षाची फी भरून नोंदवीत. तो शब्द लिहिला की तार नेमकी त्या पेढीवर पोहोचे. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तीच कल्पना इंटरनेटवर वेगळ्या रूपाने नांदते आहे. तिला डोमेन नेम म्हणतात. आपण सोयीसाठी 'डोमेन नाव' म्हणू.

इंटरनेटला जोडलेली यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला मात्र आकडे ध्यानात ठेवणे कठीण. म्हणून आकड्यापुढे नाव लावण्याची पद्धत पडली. आरंभी यंत्रे थोडी होती, तोवर सगळ्या नावांची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच फाइलीत ठेवलेली असे. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संगणकतज्ज्ञाने नावांचा कारभार निरनिराळ्या ठिकाणी वाटून देणारी योजना तयार केली. आज आपण जे वापरतो ते त्याच योजनेवर उभे आहे.

या नावाला दोन भाग असतात असे समजा. पुढचा भाग म्हणजे व्यक्तीचे नाव आणि ठिपक्यानंतरचा भाग म्हणजे आडनाव. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' ही आडनावे. गावात दोन रामभाऊ असले तरी एक पाटील आणि दुसरा जोशी असल्यामुळे घोटाळा होत नाही. तद्वत 'एफबी डॉट कॉम' आणि 'एफबी डॉट ऑर्ग' ही दोन स्वतंत्र नावे आहेत. फार्म ब्यूरोने पहिले विकले आणि दुसरे स्वतःजवळ ठेवले. आजही तिचा कारभार त्याच दुसऱ्या नावाने चालतो. परंतु एकाच आडनावात तेच नाव दोघांना मिळत नाही. सारी मेख येथे आहे.

आता थोडे गणित करू. शिक्षकबंधूंना ते वर्गात मुलांकडून करवून घेता येईल. इंग्रजी वर्णमालेत २६ अक्षरे. लहान-मोठ्या लिपीचा भेद येथे मानीत नाहीत. तेव्हा एका अक्षराची नावे किती होतील? २६. दोन अक्षरांची? पहिल्या जागी २६ पैकी कोणतेही आणि दुसऱ्या जागीही २६ पैकी कोणतेही, म्हणजे २६ गुणिले २६, बरोबर ६७६. तीन अक्षरांची १७,५७६. चार अक्षरांची ४,५६,९७६. पाच अक्षरांची गेली १ कोटी १८ लाखांवर. दर अक्षरामागे संख्या २६ पटींनी वाढते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२४ च्या अखेरीस एकट्या 'डॉट कॉम' या आडनावाची १५ कोटींहून अधिक नावे नोंदलेली होती. त्यांत दोन अक्षरांची फक्त ६७६. म्हणजे सुमारे सव्वादोन लाखांत एक! आणि कितीही पैसा ओतला तरी या आडनावात ६७७ वे नाव कोणालाही निर्माण करता येणार नाही.

एकाक्षरी नावांची गोष्ट तर आणखी मौजेची. इंटरनेटच्या नावा-क्रमांकांची नोंद पाहणारे जॉन पोस्टेल यांनी डिसेंबर १९९३ मध्ये एकाक्षरी नावे राखून ठेवली. यापुढे ती कोणास द्यावयाची नाहीत असे ठरले. पण तोवर जी दिली गेली होती ती तशीच राहिली. 'डॉट कॉम'मध्ये अशी तीनच आहेत. क्यू, एक्स आणि झेड. यांपैकी झेड हे निस्सान या जपानी मोटार कंपनीकडे होते. २०१४ साली जीएमओ इंटरनेट या दुसऱ्या जपानी कंपनीने ते ८० कोटी येनला विकत घेतले. एक्स या नावाने इलॉन मस्क यांनी १९९९ मध्ये पैशाच्या व्यवहाराची कंपनी काढली. ती पुढे पेपॅल झाली आणि नाव तिच्याकडे राहिले. २०१७ मध्ये मस्क यांनी ते परत विकत घेतले, आणि २०२३ मध्ये ट्विटरचे नामांतर करून त्याला तेच अक्षर दिले.

आरंभी मात्र ही नावे कोणी मोलाची मानीत नव्हते. 'डॉट कॉम'मधील पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने नोंदविले. त्या सबंध वर्षात या आडनावात सहाच नावे नोंदली गेली. पैसेही पडत नसत. सप्टेंबर १९९५ पासून फी सुरू झाली. पहिल्या दोन वर्षांचे मिळून १०० डॉलर. ज्यांनी त्याआधी लहान नाव घेतले, त्यांनी ते बहुधा स्वतःच्या वापरासाठीच घेतले होते. पुढे व्यापार इंटरनेटवर आला, गर्दी झाली, आणि २०१३ च्या सुमारास चार अक्षरांपर्यंतची 'डॉट कॉम' नावे संपली. आता ती फक्त दुसऱ्याकडून विकत मिळतात.

परंतु नुसती दुर्मीळता म्हणजे किंमत नव्हे, हे पक्के ध्यानात घेतले पाहिजे. माझ्या सहीसारखी दुसरी सही जगात नाही. म्हणून काही ती कोणी विकत घेत नाही! किंमत येण्यासाठी दुर्मीळ वस्तूची गरज असलेला माणूस समोर यावा लागतो, आणि त्याच्या गाठीला पैसाही असावा लागतो. अर्थशास्त्रात जमिनीच्या खंडाविषयी डेव्हिड रिकार्डो या इंग्रज पंडिताने १८१७ साली असेच दाखवून दिले. जमिनीचा खंड हा पिकाच्या किमतीतून निघतो. खंड जास्त आहे म्हणून पिकाला भाव येत नाही. गावात एसटीच्या थांब्यासमोरच्या चार हात जागेला जो भाव येतो, तो मातीचा नसतो. तेथे उतरणाऱ्या माणसांचा असतो. उद्या थांबा हलला की भावही हलतो.

मग लहान नावाची गरज कोणाला भासते? ज्याचे नाव दिवसातून लक्षावधी वेळा टंकले जाते, बोलले जाते, त्याला. फेसबुकचेच पाहा. जुलै २०१० मध्ये तिचे वापरकर्ते ५० कोटी झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने आपल्या वापरकर्त्यांना 'फेसबुक डॉट कॉम' या नावाचा ईमेल पत्ता देण्याची योजना जाहीर केली. मग कंपनीच्या स्वतःच्या नोकरवर्गाने कोणता पत्ता वापरावा? त्यासाठी वेगळे, आखूड आणि ओळखीचे नाव हवे होते. ते फार्म ब्यूरोजवळ होते. गरज होती, पैसा होता, आणि त्या नावाला दुसरा पर्याय नव्हता. तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून ८५ लाख डॉलर आले. हेच नाव त्याआधी दहा वर्षांपूर्वी विकावयास काढले असते तर? फेसबुक ही कंपनीच २००४ साली जन्मली. तोवर या दोन अक्षरांना हे गिऱ्हाईक जगात नव्हते. शेतकऱ्यांच्या संघटनेने भविष्य ओळखून ती घेतली नव्हती. आपल्या कामासाठी घेतली, नीट सांभाळली, आणि गिऱ्हाईक चालत दाराशी आले.

असे दुसरेही व्यवहार झाले आहेत. २०१५ मध्ये '३६० डॉट कॉम' हे तीन अंकी नाव व्होडाफोन कंपनीकडून चीनमधील चिहू ३६० या कंपनीने १ कोटी ७० लाख डॉलरला घेतले. कंपनीच्या नावातच तो आकडा होता. २०२३ मध्ये 'चॅट डॉट कॉम' हे नाव धर्मेश शहा या उद्योजकाने १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतले, आणि पुढच्याच वर्षी ते चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीकडे गेले. येथे अक्षरे चार आहेत, पण शब्दाला अर्थ आहे. आखूडपणा आणि अर्थ एकत्र आले की भाव चढतो.

रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला पटेल अशी एक कसोटी या व्यापारातील लोक लावतात. तिला ते 'रेडिओ कसोटी'च म्हणतात. नाव एकदा रेडिओवर कानी पडले, तर ऐकणाऱ्याला ते न विचारता बरोबर लिहिता आले पाहिजे. आपल्याकडे ही कसोटी फार कडक ठरते, कारण आपली नावे मराठी आणि लिहावयाची रोमन लिपीत. 'ज्ञानदीप' हा साधा शब्द घ्या. कोणी त्याचा आरंभ 'डी-एन-वाय' असा करील, कोणी 'जी-वाय' असा, तर कोणी 'जे-एन' असा. 'लक्ष्मी'त कोणी 'एक्स' घालील, कोणी 'के-एस-एच'. वर्गातील वीस मुलांना असा शब्द रोमन लिपीत लिहावयास सांगा. किती तऱ्हा निघतात ते मोजा. जे नाव सगळ्यांनी एकाच तऱ्हेने लिहिले, ते चांगले. त्याची अक्षरे चार असोत की बारा. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने आखूडपणापेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. २०१५ च्या उत्तरार्धात चीनमधील गुंतवणूकदार लहान नावांच्या मागे लागले. त्या उन्हाळ्यात तेथील शेअरबाजार कोसळला होता, आणि पैसा नवी जागा शोधीत होता. चिनी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना आद्याक्षर म्हणून पाच स्वर आणि 'व्ही' यांचा उपयोग कमी. म्हणून ही सहा अक्षरे वगळून उरलेल्या २० अक्षरांची चार अक्षरी नावे उत्तम असे ठरले. अशी नावे २० गुणिले २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे १,६०,००० होतात. आकड्यांच्या नावांत ४ नको, कारण चिनी भाषेत त्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो; ८ मात्र हवा, कारण तो भरभराटीचा. काही महिन्यांत या नावांचे भाव कित्येक पटींनी चढले. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या नावाने दुकान काढावयाचे नव्हते, कचेरीही थाटावयाची नव्हती. पुढच्या माणसाला चढ्या भावाने विकावयाचे, एवढाच हेतू. २०१६ मध्ये पुढचा माणूस येईनासा झाला, आणि भाव उतरले. नावे तीच, अक्षरे तीच, दुर्मीळताही तेवढीच. शेवटी ज्याच्या हाती नावे राहिली, त्याचा पैसा अडकून पडला.

जमिनीची उपमा देणारे विक्रेते आणखी एक गोष्ट सांगावयाची विसरतात. डोमेन नाव हे मालकीचे नसते. ते खंडाने घेतलेल्या शेतासारखे आहे. दरवर्षी खंड भरला तर आपले. चुकला तर काही आठवड्यांच्या सवलतीनंतर ते मोकळे होते आणि कोणीही उचलू शकतो. एका वेळी फार तर दहा वर्षांचा खंड भरता येतो. आणि शेत निदान पीक देते, घर भाडे देते. पडून असलेले नाव काही पिकवीत नाही. उलट दरवर्षी खातेच.

किती खाते त्याचा हिशेब मांडू. 'डॉट कॉम'चा ठोक दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. त्यावर नोंदणी करून देणाऱ्या कंपनीचा नफा व कर. हिशेबाच्या सोयीसाठी दर नावामागे वर्षाला हजार रुपये धरा. कोणी हौसेने १०० नावे घेतली, तर वर्षाचे लाख रुपये झाले, आणि दहा वर्षांचे दहा लाख. समजा, या दहा वर्षांत त्यांतील एक नाव पाच लाखांना विकले गेले. ऐकणारे म्हणतील, "हजाराचे पाच लाख केले!" पण त्याच्या वहीत पाच लाखांची तूट आहे, शिवाय मध्यस्थाची दलाली वेगळी. बातमी येते ती विकल्या गेलेल्या एका नावाची. न विकलेल्या ९९ नावांची बातमी छापली जात नाही. लॉटरीच्या दुकानावर बक्षीस लागलेल्याचा फोटो असतो, न लागलेल्यांचे नसतात, तशातला हा प्रकार.

शिवाय आपल्यासारख्याला जी लहान नावे दाखविली जातात ती 'डॉट कॉम'ची नसतातच. ती केव्हाच धनिकांच्या हाती गेली. आपल्यापुढे येतात ती नव्या आडनावांची. नावांची जागतिक व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था १९९८ साली स्थापन झाली. तिने २०१२ मध्ये नव्या आडनावांसाठी अर्ज मागविले, आणि पुढील काही वर्षांत अशी १,२०० हून अधिक आडनावे अस्तित्वात आली. आता पुन्हा गणित करा. दर आडनावात दोन अक्षरांच्या ६७६ जागा, आणि आडनावे १,२००; तेव्हा दोन अक्षरी जागा झाल्या ८ लाखांहून अधिक! 'अक्षरं वाढत नाहीत' हे खरे, पण आडनावे वाढतात. एका आडनावात दुर्मीळ असलेली वस्तू सगळी आडनावे मिळून मुळीच दुर्मीळ राहत नाही. त्यातून 'डॉट कॉम'ची दरवाढ अमेरिकन सरकारशी झालेल्या कराराने बांधलेली आहे. पुष्कळ नव्या आडनावांना असे बंधन नाही. आखूड नावाला दरवर्षी जबर फी लावणारीही आडनावे त्यांत आहेत. खंड किती वाढेल ते ठाऊक नसता शेत करावयास घेण्यासारखे ते आहे.

मग या साऱ्यात खात्रीचे उत्पन्न कोणाला मिळते? ज्याच्या हाती आडनाव आहे त्याला. प्रत्येक देशाला किंवा प्रदेशाला दोन अक्षरांचे आडनाव दिलेले आहे. भारताचे 'डॉट इन'. कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या ब्रिटिश प्रदेशाच्या वाट्याला 'डॉट एआय' आले. लोकसंख्या सुमारे १६ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या बाजाराच्या गावाएवढी. कृत्रिम बुद्धिमत्तेची इंग्रजी आद्याक्षरे नेमकी तीच निघाली, आणि जगभरच्या कंपन्या त्या आडनावासाठी धावल्या. २०२३ मध्ये या नोंदणीतून अँग्विलाच्या सरकारला सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले. तिच्या एकूण महसुलाचा तो पाचवा हिस्सा होता. हे बेट नावांचा सट्टा खेळत नाही. ते खंड वसूल करते. नावे घेऊन ठेवणारा मात्र खंड भरतो. दोघांच्या जागा वेगळ्या आहेत, हे विसरू नये.

कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. काहींना वाटते, एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव आपण आधी घेऊन ठेवावे. मग कंपनी झक मारत पैसे देईल. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे असा एक तंटा आला. मुंबईच्या 'रेडिफ' कंपनीच्या नावातील एक अक्षर बदलून कोणी 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. डोमेन नाव हा नुसता पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखे संरक्षण त्याला मिळाले पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली. २००४ मध्ये 'सिफी' या नावाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. आयकॅनने १९९९ मध्ये अशा तंट्यांसाठी लवादाची जागतिक पद्धत घालून दिली. नाव दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी घोटाळा करणारे आहे, घेणाऱ्याचा त्यावर काही न्याय्य हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे, या तीन गोष्टी सिद्ध झाल्या की नाव काढून घेतात. मोबदला मिळत नाही. आपल्या 'डॉट इन'लाही अशीच लवादाची व्यवस्था आहे. फार्म ब्यूरोचे नाव कोणी असे हिसकावून घेऊ शकले नसते, कारण ती अक्षरे खरोखरी तिची स्वतःची होती आणि ती वापरातही होती.

तेव्हा गावातल्या माणसाने यातून काय घ्यावे? साठविलेला पैसा नावांत घालू नये, हे पहिले. कोणी आग्रह करू लागला, तर त्याला तीनच प्रश्न विचारावेत. या नावाची गरज आज नेमकी कोणाला आहे? दरवर्षीचा खंड किती, आणि तो वाढविण्याचा अधिकार कोणाचा? आणि हे एवढे लाभाचे आहे, तर तुम्ही स्वतःजवळ का ठेवीत नाही? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरे असे की, स्वतःच्या कामासाठी एक नाव मात्र जरूर घ्यावे. शाळा, वाचनालय, सहकारी संस्था, दूध सोसायटी, फळे थेट गिऱ्हाइकाला पाठविणारा बागाईतदार, यांना एक स्वतःचे नाव असणे ही आता चैन राहिलेली नाही. 'डॉट इन' हे आडनाव २००५ पासून सर्वांना खुले आहे. देवनागरीत लिहावयाचे 'डॉट भारत' हे आडनावही ऑगस्ट २०१४ पासून मिळते. तेथे 'ज्ञानदीप' कसे लिहावे हा प्रश्नच उद्भवत नाही. नाव आखूड मिळाले तर उत्तम. न मिळाले तर गावाचे नाव जोडून स्पष्ट आणि सरळ नाव घ्यावे. वर्षाचा खर्च एखाद्या वर्तमानपत्राच्या वर्गणीएवढा असतो.

पण घेतलेले नाव सांभाळावे लागते. पुष्कळ ठिकाणी संकेतस्थळ करून देणारा संगणकवाला नाव स्वतःच्याच नावावर नोंदवतो. संस्थेला वाटते, नाव आपले आहे. तो माणूस गाव सोडून गेला किंवा त्याच्याशी बिनसले, की नावही गेले. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण शेत कसत नाही. येथेही तसे करू नये. नोंद संस्थेच्या नावाने हवी. नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते तो पत्ता संस्थेचा हवा, एखाद्या शिक्षकाचा खासगी नको, कारण शिक्षकाची बदली होते. तारीख दप्तरात लिहून ठेवावी, आणि जमल्यास पाच-दहा वर्षांचे पैसे एकदम भरावेत. नाव सुटले आणि ते दुसऱ्याने उचलले, तर छापलेली पत्रके, फलक, लोकांच्या तोंडी बसलेला पत्ता, सारे त्याच्या पदरात पडते. शाळेच्या जुन्या नावाखाली उद्या कोणी भलताच मजकूर दाखवू लागला, तर पालकांना तोंड कसे दाखवावयाचे?

तात्पर्य, लहान नावाला मोल आहे, आणि ते थोड्यांच्या बाबतीत फार मोठे आहे. पण ते मोल अक्षरांच्या अंगी नसते. त्या नावाने जे काम उभे राहते, जी माणसे त्या नावाने हाक मारतात, त्यांच्यामुळे ते येते. आपल्या शाळेचे, आपल्या सोसायटीचे नाव आजच एकदा तपासून पाहा. ते कोणाच्या नावावर नोंदले आहे आणि त्याची मुदत केव्हा संपते, एवढ्या दोन गोष्टी दप्तरात सापडल्या नाहीत, तर पुढच्या बैठकीत तो विषय घ्यावा.